उताऱ्याबाहेरची सून

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटला 80 प्रश्न आणि 200 गुण. 33 टक्के पडले की सुटलो. पण उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या पाव हिश्श्याइतके गुण कापतात. आमच्याकडे राहून अभ्यास करणाऱ्या भाच्याला गणिताचं भय नाही. तो हबकतो ते उताऱ्याखालच्या एकाच वाक्याला : 'यावरून कोणता निष्कर्ष निघतो?' त्यातून उतारा कथेतला असला तर बघायलाच नको. महागाईवर लिहिणारा निदान काय ते बोलून मोकळा होतो. कथाकार सगळं अर्धवट सोडतो आणि पेपर काढणारा त्या अर्धवटाला चार पर्याय लावतो.

आता निष्कर्ष काढण्यात आपली माणसं कच्ची आहेत, असं कोण म्हणेल? शेजारच्या दारातल्या चपला पाहून आमची आई पाहुणे कुठल्या गावचे आणि मुलगी पसंत पडली का, हे सांगते. पण परीक्षेतला निष्कर्ष उताऱ्यात लिहिलेला नसावा आणि उताऱ्याबाहेरचाही नसावा. इतक्या चिंचोळ्या बोळातून जायची तिला सवय नाही.

परवा सराव संचात एक उतारा आला. म्हातारी दाराला कडी लावते, ओटीवरचा दिवा मात्र तसाच ठेवते आणि झाकलेलं ताट पुन्हा एकदा उघडून बघते. पर्याय : (1) ती विसरभोळी आहे, (2) तिला अंधाराची भीती वाटते, (3) ती कुणाची तरी वाट पाहते आहे, (4) वरीलपैकी एकही नाही.

"तीन," भाचा म्हणाला.

"कुणाची तरी काय? मुलाची," आई शेंगा सोलता सोलता म्हणाली. "बायकोशी पटत नसणार त्याचं."

"अगं आजी, सून उताऱ्यात कुठंय?"

"नाहीच ना! असती तर ताट तिनं नसतं झाकलं?"

भाच्यानं पेन खाली ठेवलं. मग मामा या नात्यानं मी मध्ये पडलो. म्हटलं, खरी मेख ताटात आहे. भित्रा माणूस दिवा ठेवेल, पण ताट कशाला उघडेल? नुसत्या दिव्यावर भागत असतं तर दुसरा पर्यायही खपला असता. सगळ्या खुणा ज्यात मावतात तोच बरोबर.

"सूनसुद्धा मावते," आई म्हणाली.

भाच्यानं निमूटपणे तीनचा गोल काळा केला आणि पान उलटलं.

"आला का मग तो?"

"आजी, पुढचा उतारा प्रवाळ बेटांवर आहे."