नऊ नंबरचं पोरगं

"काय गं, भाच्याचं फुटबॉलचं खूळ उतरलं का?" कुंपणावर गोधडी टाकता टाकता काकूंनी विचारलं.

काकूंचं माहेर कोल्हापूरची पेठ. लग्न होऊन सांगलीत आल्या, पण जीव अजून शाहू स्टेडियमवरच. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची लढत असली की त्या दिवशी त्यांच्या आमटीत मीठ दोनदा पडतं.

माझं माहेर सातारा. भाचा तिथलाच, दहावीला आहे आणि फॉरवर्ड खेळतो. त्याला फुटबॉलसाठी पुण्याला जायचंय, नि दादा, म्हणजे त्याचा बाप, म्हणतो आधी बारावी कर.

"उतरतंय कुठलं! 2017 ला सरकारनं शाळाशाळांत फुटबॉल वाटले नव्हते का? 15 सप्टेंबरला सगळ्या राज्यातली पोरं एकदम खेळली. हा तेव्हा दुसरीत होता. तेव्हापासून पाय जमिनीला टेकत नाहीत त्याचे."

"मग त्याला आमच्या अनिकेत जाधवची गोष्ट सांग. रिक्षावाल्याचं पोरगं गं. कोल्हापुरातनं बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलं, तिथनं पुणे एफसीच्या अकादमीत. आणि त्याच 2017 ला, ऑक्टोबरात, सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताचा फॉरवर्ड!"

"तो वर्ल्डकप हरलो ना आपण?"

"तिन्ही सामने हरलो. अमेरिकेनं 3-0, कोलंबियानं 2-1, घानानं 4-0. हरू दे की! फिफाच्या वर्ल्डकपात भारत पहिल्यांदा उतरला, त्यात आमच्या गावचं पोरगं होतं."

हरल्याचं एवढं कौतुक कोल्हापूरकरच करू जाणे. आम्हा सातारकरांना पैलवान खाशाबा जाधवांच्या 1952 च्या ऑलिंपिक ब्राँझपासून पदकाशिवाय बोलायची सवय नाही, आणि सांगलीकरांना विजय हजारे ते स्मृती मानधना म्हणजे क्रिकेटच. कोल्हापूर इथनं तास-दीड तासावर, पण कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले ते तिथंच. तिकीट काढून माणसं सामना बघायला जातात. आमच्याकडं फुकट असला तरी कुणी जायचं नाही.

"मग पुढं काय झालं त्याचं?"

"पुढं इंडियन ॲरोज. आय-लीगच्या पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला तीन गोल घातले, त्यातले दोन याचे. मग जमशेदपूर, मग हैदराबाद. 2022 ला हैदराबादनं आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली, त्या संघात होता."

"त्या वर्षी गोल किती मारले त्यानं?"

काकूंनी गोधडी झटकली. धूळ सगळी माझ्याकडं.

"हेच विचारतात सगळे! अगं, गोलसमोर ओग्बेचे उभा होता. नायजेरियाचा. त्या वर्षी त्याचे एकट्याचे 18. मैदानात परदेशी चारच चालतात, पण त्यातला एक हमखास गोलपुढं. क्लबवाले पैसे ओततात ते तिथंच. आपल्या पोरानं कडेनं पळायचं, बॉल आत द्यायचा, परत मागं येऊन अडवायचंही यानंच. आणि दमला की बोर्डावर नंबर, ये बाहेर."

"म्हणजे पंगतीला पाहुणे आणि आपण वाढपी."

"तर! लहानपणी गोल मारणारा नऊ नंबर, मोठेपणी कडेचा विंगर. दोष पोराचा नाही. वाढायलाच ठेवलंय तर जेवणार कधी? मग सुनील छेत्रीला निवृत्ती मोडून 2025 ला चाळिसाव्या वर्षी परत बोलवावं लागतं, आणि सगळे विचारतात, आपल्याकडं गोल मारणारा तयार का होत नाही."

काकूंचं हे म्हणणं मला तरी पटलं. दादाला पटेल असं नाही. त्याचा सवाल वेगळा, पोटाचा.

"पगाराचं काय पण?"

काकूंचा आवाज खाली आला. "ते विचारू नको. ज्या हैदराबादनं कप उचलला, त्यांचे पुढं पगार थकले. परदेशी खेळाडू उठून गेले. 2025 ला तर अख्खा संघच दिल्लीला गेला, नाव बदलून. अनिकेत आधीच ईस्ट बंगालला गेला होता, तिथनं ओडिशाला, म्हणून बरं. आणि त्याच वर्षी जुलैत आयएसएलच लटकली, फुटबॉल फेडरेशन नि लीग चालवणाऱ्या कंपनीच्या करारापायी. काही क्लबांनी पगार थांबवले."

"हे दादाला सांगितलं तर पोराचे बूट माळ्यावर जातील."

"मग एवढं सांगू नको. सांग की गोलकीपर हो म्हणावं. त्या 2022 च्या फायनलला गोव्याच्या कट्टीमनीनं तीन पेनल्टी अडवल्या. कप त्याच्या हातांनी आला. ती जागा क्लबवाले परदेश्याला देत नाहीत सहसा."

"विचारलं होतं. म्हणतो, आत्या, गोल अडवण्यात कसली मजा?"

काकू खूश झाल्या. "मग तो फॉरवर्डच! आता हंगामात धाड त्याला इकडं. मी घेऊन जातो शाहू स्टेडियमवर. आणि दादालाही आण. तिकिटं त्यानं काढायची."