साडेसहा बाय साडेसहाचं ब्रह्मांड

क्वेस्ट हा व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवला की अवघं ब्रह्मांड आपलं. अट एवढीच, हॉलमध्ये साडेसहा बाय साडेसहा फूट जागा मोकळी हवी. वन बीएचकेत ती काढायची म्हणजे सोफा गॅलरीत, इस्त्रीचे कपडे पलंगावर आणि आजोबा शेजाऱ्यांकडे. मग कंट्रोलरने जमिनीवर लक्ष्मणरेषा आखायची, तीही टीपॉयला वळसा घालून. (वरच्या पंख्याचं तिला सोयरसुतक नाही; 'बीट सेबर' या खेळात तलवारी फिरवणाऱ्यांनी हात जपावेत.) खेळ निवडताना रोलर कोस्टर नकोच! डोळे सुसाट सुटतात, कान म्हणतो आपण जागेवरच, आणि निवाडा पोट करतं. त्यापेक्षा २०१६ चा 'जॉब सिम्युलेटर' हा नोकरी-नोकरीचा खेळ घ्या. ऑफिसातून दमूनभागून यावं, बूट काढावेत आणि खोट्या क्युबिकलमध्ये खोटी कॉफी पीत पुन्हा ड्युटीवर रुजू व्हावं. तिथला बॉस रोबो आहे. फरक जाणवणार नाही.