डॉसकाका

जुन्या पतसंस्थेत, सीएच्या ऑफिसात, छापखान्यात एक तरी डॉसकाका असतातच. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली असतात. जाताना कुणीतरी भिडेखातर 'मार्च एंडला येत जा जरा' म्हटलेलं असतं, आणि काकांचा मार्च एंड एप्रिलपासून सुरू होतो. खिशाला दोन पेनं, ड्रॉवरमध्ये बुरशी आलेल्या फ्लॉपींचा डबा. माऊसला ते ओल्या हातानं स्विचबोर्डला लावावा तसा हात लावतात.

डॉसचा विषय निघाला की आधी कुळकथा. सिएटलच्या टिम पॅटरसननं ही सिस्टिम लिहिली आणि तिचं पाळण्यातलं नाव ठेवलं 'क्विक अँड डर्टी ऑपरेटिंग सिस्टिम'. मायक्रोसॉफ्टनं 1981 साली ती विकत घेतली आणि आयबीएमच्या पीसीवर चढवली. एवढं सांगून काका चहा मागवतात. 6.22 ही डॉसची स्वतंत्र विकली गेलेली शेवटची आवृत्ती 1994 ची. "तुमचा इतिहास विंडोज पंच्याण्णवला सुरू होतो," ते म्हणतात, "आमचा चौऱ्याण्णवला संपला."

इतकी वर्षं डॉसच्या संगतीत काढल्यावर माणसाला वाण नाही पण गुण लागणारच. फाईल उडवली तर डॉस 'उडवली' असं सांगत नसे. मुकाट्यानं पुढच्या ओळीवर सी कोलन येऊन उभा राहायचा. काम झालं तर गप्प, चुकलं तर तोंडावर. काकांचंही तसंच. ताळेबंद जुळला तर ते मान वर करत नाहीत. सात पैशांचा फरक निघाला की मॅनेजरच्या केबिनपर्यंत ऐकू जातं. घरीही आमटी उत्तम झाली की काका अवाक्षर काढत नाहीत. मीठ कमी पडलं तर "बॅड कमांड ऑर फाइल नेम." काकू याला सरावल्या आहेत. एवढं झाल्यावर "अबॉर्ट, रिट्राय, फेल?" असं त्याच विचारतात आणि मिठाचं भांडं पुढे सरकवतात.

काकांचा खरा जीव 'कॉपी कॉन'वर. यात फाईलचं नाव द्यायचं आणि थेट मजकूर बडवत सुटायचं. ओळ चालू आहे तोवर बॅकस्पेस चालतं. एकदा एंटर मारलं की वरच्या ओळीला हात लावता येत नाही. मजकूर संपला की कंट्रोल झेड. आजच्या पोरांच्या लेखी कंट्रोल झेड म्हणजे केलेलं निस्तरणं. काकांच्या लेखी कंट्रोल झेड म्हणजे विषय संपला. त्यामुळे वार्षिक सभेत काका एकदा बोलले की बोलले. "काका, नियम बदललाय," असं कुणी म्हणालं तर ते बोलणाऱ्याकडे नुसते बघतात. एंटर पडलेलं असतं.

नावांच्या बाबतीत तर त्यांनी काटकसरीचा कळस गाठला. डॉसमध्ये फाईलचं नाव आठ अक्षरांचं, टिंबानंतर आणखी तीन. जास्त लिहिलंत तर डॉस उरलेली गिळून टाकायचा. इंग्रजीत ज्ञानेश्वर लिहायला अकरा अक्षरं लागतात, म्हणून कर्जखात्यात तो ज्ञानेश झाला. पुरुषोत्तमाचा पुरुषोत झाला. रामचंद्रपंत तर रामचंद होऊन बसले आणि नव्या क्लार्कनं त्यांना सिंधी समजून तसा नमस्कार केला. फक्त सदाशिव मोजून आठ अक्षरांत बसतो. त्याचं कर्ज काकांनी कधी अडवलं नाही, अशी संस्थेत वदंता आहे. 'रिपोर्ट फायनल नवीन फायनल दोन' असल्या नावाची फाईल दिसली की काकांचं बीपी वाढतं.

हल्ली कुणी विंडोजमधली काळी खिडकी उघडून "हे बघा डॉस," म्हणालं की ते दुखावतात. "हा डॉस नव्हे, त्याचा सोंगाड्या," ते समजावतात. आणि ते खरंच आहे. विंडोज पंच्याण्णवच्या पोटात डॉस होता. एक्सपी 2001 साली आली ती वेगळ्याच कुळातली. तिथून पुढे काळ्या खिडकीत आज्ञा जुन्याच राहिल्या, पण आत डॉस उरला नाही. काका या प्रकाराला 'गादीवर दत्तक बसवला' असं म्हणतात.

पण त्या दत्तकानंही एकदा काकांची लाज राखली. ऑडिटर समोर बसलेले आणि पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. नव्या क्लार्कबाई रडकुंडीला आल्या होत्या. काका उठले, चष्मा पुसला आणि माऊस बाजूला सारून म्हणाले, "टाइप कर. ॲट्रिब. स्पेस. मायनस एच. स्पेस. मायनस एस. स्पेस दे गं बाळ, स्पेसला पैसे पडत नाहीत." पुढे ड्राइव्हचं अक्षर, स्टार डॉट स्टार, स्लॅश एस, स्लॅश डी. व्हायरसनं फोल्डर खोडले नव्हते. त्यांच्यावर 'लपलेला' आणि 'सिस्टिमचा' असे दोन शिक्के मारले होते, ते या आज्ञेनं पुसले जाणार होते. एंटर. स्क्रीन ढिम्म.

"काही झालंच नाही, काका!"

"काही बोलला का तो? नाही ना? मग झालं."

फोल्डर खरोखरच परत आले होते. मग 'एच म्हणजे हिडन' इथून काकांनी सुरुवात केली, तेव्हा ऑडिटरना फोन आला, मॅनेजरना मीटिंग आठवली. क्लार्कबाई मात्र अडकल्या. त्या हसून म्हणाल्या, "काका, याला थँक्यू कुठं म्हणायचं?"

"म्हणून बघ की. टाइप कर."

त्यांनी केलं. ही आज्ञा अंतर्गत नाही, बाह्य नाही, चालवता येण्याजोगा प्रोग्रॅमही नाही, असं दोन ओळींचं इंग्रजी स्पष्टीकरण उमटलं. काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"केवढं हे पाल्हाळ! आमचा पाच शब्दांत हाकलायचा."