सोंगाडे

"काय करून राहिली गं, सुपली हातात घेऊन?"

"अवो काकू, दिव्याखाली हा पतंग मरून पडला होता. सुपलीत भरला तर फुर्रकन उडाला नं!"

"मेला कुठला! ढोंगी मेला."

"तुम्हाला बरं ठाऊक!"

"जन्मभर बायोलॉजी शिकवली मी, विसरली काय? अन् भावाचं शेत आहे काटोलकडे. हरभऱ्यावरची घाटेअळी अन् कपाशीवरची हिरवी बोंडअळी, दोन्ही एकाच पतंगाची पोरं. वर्धा रोडवर 1976 पासून कापूस संशोधन संस्था आहे, तरी हा काही हटत नाही. छातीपाशी कान असतात त्याला, एकेका कानात ऐकणाऱ्या पेशी फक्त 2. तेवढ्यावर वटवाघळाची हाक ओळखतो, जी आपल्याला ऐकूही येत नाही! वाघूळ दूर असलं तर बाजूला वळतो. अगदी जवळ आलं की पंख मिटून धपकन खाली. हवेतलं पाखरू धरणाऱ्याला गवतात पडलेलं कुठून सापडणार?"

"बाप्पा! म्हणजे पडणं हाच डाव."

"सगळ्यांचा तोच नाही हं. तागावर पांढरा पतंग येतो बघ, लाल-काळ्या ठिपक्यांचा. त्याचा अमेरिकेतला भाऊबंद कोळ्याच्या जाळ्यात अडकला तर धडपडतच नाही, गप पडून राहतो. अळी असतानाच तागाच्या जातीच्या झाडांचं विष अंगात साठवलेलं असतं. कोळी तोंड लावतो अन् स्वतःच तंतू कातरून त्याला सोडून देतो! याला मी ढोंग नाही म्हणणार, हा माज आहे."

"पण दिसतात खऱ्या मेल्यासारखेच."

"मुळीच नाही. डार्विननं 17 तऱ्हेचे सोंगाडे किडे खऱ्या मेलेल्यांशी ताडून पाहिले होते. एकाचीही ठेवण तंतोतंत जुळेना. काहींची तर पार उलटी."

"आमचा वरचा भाडेकरूच डोळ्यांपुढे आला वो! 1 तारखेला हाक मारली की पांघरूण डोक्यावर."

"तेव्हा घोरतो का?"

"छे! श्वाससुद्धा ऐकू येत नाही."

"अन् एरवी घोरतो तर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं! जागाच असतो तो. आता दार नको वाजवू, जिन्यातच खुर्ची टाकून बस."

"अन् मागच्या दारानं गेला तर?"

"चाललाच की, ते बघ, चपला हातात घेऊन! अहो भाऊ, थांबा जरा, ही शोधून राहिली तुम्हाला!"

"काकू, हळू नं वो!"

"हळू कशाला? तू जा, गेट लाव आधी."