‘पूर्वीची चव राहिली नाही’ : नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

तुमचं लाडकं चायनीज हॉटेल कुणीतरी विकत घेतलंय? अभिनंदन. आता तुम्हाला हळहळता येईल. मात्र हे काम दिसतं तितकं सोपं नाही. नुसतं ‘छे, ती मजा नाही आता’ म्हटलं, तर घरातलं शेंबडं पोरही ‘म्हणजे नक्की काय बिघडलं?’ असं विचारतं आणि आपल्याला मंचुरियन चघळत वेळ काढावा लागतो. खालच्या पायऱ्या नीट गिरवल्या तर अशी नामुष्की येणार नाही. सरावासाठी आमचं दादरच्या गल्लीतलं हॉटेल घेतलं आहे. मी तिथं पंचवीस वर्षं जातोय, त्यामुळे बोलण्याचा हक्क आहे; जाणकारी असलीच पाहिजे असं नाही.

पायरी १ : तारीख मागे न्या

आमच्या हॉटेलचा मालक बदलला जूनमध्ये. आम्हाला ते कळलं गणपतीत, आरतीला आलेल्या शेजाऱ्यांकडून. मधल्या काळात आम्ही तिथं सात-आठ वेळा जेवलो होतो आणि एकदा तर वेटरकरवी आत शाबासकीही पाठवली होती. नवशिके इथंच गडबडतात. त्यांनी शाबासकीचा विषय काढू नये. बातमी कळताच मोदक खाली ठेवून फक्त ‘तरीच!’ म्हणावं. या एका शब्दात जूनपासूनची सगळी जेवणं आपोआप बिघडतात.

पायरी २ : परीक्षा पार्सलवर घ्या

फ्राइड राइसला मोठी किंमत असते ती भाताची नव्हे, जाळाची. भात आधी शिजवून गार केलेला, दाणा न् दाणा सुटा. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापलेली. खालची भट्टी अशी घोंघावते की उस्तादाला हाक मारायची तर ओरडावं लागतं. भात उडवला की दाण्यांवरचा ओलावा क्षणात उडून जातो, तेलाचे थेंब जाळाला लागून भडकतात आणि भाताला एक जळका, खमंग वास चढतो. कँटनच्या बोलीत त्याला ‘वॉक हेय’ म्हणतात. कढईचा श्वास म्हणा हवं तर. हा श्वास काही मिनिटांचाच असतो.

म्हणूनच राइस कधीही टेबलावर खाऊन मत देऊ नये. पार्सल मागवावं. प्लास्टिकच्या डब्यात झाकण घट्ट लावलेला राइस अर्धा तास वाहतुकीत अडकला की वाफेचं पाणी होऊन परत भातावर पडतं. घरी डबा उघडल्यावर जे निघतं त्याला आपण पुलाव म्हणालो नसतो, खिचडी म्हणालो असतो. आता शांतपणे म्हणावं, ‘बघ. मालक बदलला की असं होतं.’

पायरी ३ : अजिनोमोटोवर दोन्हीकडून बोला

१९०८ साली टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून रश्श्याला चव देणारा पदार्थ वेगळा काढला. पुढच्याच वर्षी तो ‘अजिनोमोटो’ या नावानं बाजारात आला. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, आणि कारण कदाचित हे असेल, कदाचित ते. त्यातलं ‘कदाचित’ वाटेत गळून पडलं आणि अजिनोमोटो बदनाम झाला. पुढे झालेल्या नियंत्रित चाचण्यांत तो दोष ठामपणे सिद्ध झाला नाही. पिकलेल्या टोमॅटोत तोच घटक निसर्गतःच असतो आणि टोमॅटोच्या साराने कुणाची मान धरल्याचं आमच्या घरात तरी ऐकिवात नाही.

जुन्या मालकाच्या काळात मी दर वेळी वेटरला बजावायचो, ‘अजिनोमोटो नको हं, डोकं दुखतं.’ माझ्यासारखे पुष्कळ असणार. नव्या मालकांनी आमचं ऐकलं आणि दारावर पाटी लावली : ‘आम्ही अजिनोमोटो वापरत नाही.’ त्या आठवड्यापासून सूप पाणचट लागायला लागलं. आमच्या हॉटेलात खरोखर काही बदललं असेल तर ते हेच, आणि ते आम्हीच मागून घेतलेलं. प्रशिक्षणार्थींनी मात्र पाटीकडे पाठ करून बसावं आणि म्हणावं, ‘आधी काहीतरी वेगळंच घालायचे.’

पायरी ४ : मालकाचं गाव काढा

जुने मालक चिनी वंशाचे. आख्खी गल्ली त्यांना अंकल म्हणायची. मुलगा टोरांटोला स्थायिक झाला तसे तेही गेले. नवे मालक मालवणचे. ‘मराठी माणूस धंद्यात पडत नाही’ हे वाक्य मी आयुष्यभर चारचौघांत वापरलं आहे. शेवटी एक पडला, तेव्हा माझ्या तोंडून आलं, ‘याला चायनीजमधलं काय कळणार?’ दोन्ही वाक्यं खिशात ठेवावीत. फक्त एकाच बैठकीत काढू नयेत.

पायरी ५ : भटारखान्यात डोकावू नका

ही पायरी मी मोडली, म्हणून तिचं महत्त्व सांगू शकतो. हात धुवायला गेलो असताना पडदा बाजूला झाला. भट्टीपाशी उस्ताद उभा होता. दार्जिलिंगकडचा, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. तोच. कॉर्नफ्लॉवरचं पाणी ग्रेव्हीत सोडताना पळी तीनदा कढईच्या काठावर आपटायची ती त्याची लकबही तीच. टेबलावर बसल्या-बसल्या मला पंचवीस वर्षं तो टण-टण-टण ऐकू यायचा, तो आजही येत होता.

हॉटेलची चव साधारणपणे मालकाबरोबर जात नाही, उस्तादाबरोबर जाते. उस्ताद पगारावरून भांडून समोरच्या गल्लीत गेला की खुशाल शोक करा. मालक बदलून उस्ताद राहिला असेल, तर आपली तक्रार नेमकी कशाची, हा अवघड प्रश्न उभा राहतो. अंकल मला बघताच वेटरला ‘इनका हमेशावाला’ म्हणायचे. नव्या मालकांनी पहिल्या भेटीत मेनूकार्ड हातात दिलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या हॉटेलात काय खायचं ते वाचावं लागलं. असल्या गोष्टी कुणापाशी बोलू नयेत. ग्रेव्ही पातळ झाली म्हणावं.

पायरी ६ : ‘ओरिजिनल’ हा शब्द जपून वापरा

वादात हरायला लागलात की ‘ओरिजिनल चायनीज राहिलं नाही’ हे अस्त्र काढावंसं वाटेल. थांबा. समोर जाणकार असेल तर तो सांगेल, की चिकन मंचुरियन आपण केल्याचं नेल्सन वँग सांगत आले : १९७५ च्या सुमारास, मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, आलं-लसूण-मिरचीच्या आपल्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून. वँग कोलकात्याचे. मंचुरियाचा त्यात नावापुरता संबंध. व्हेज मंचुरियनचे गोळे म्हणजे कोबीची भजीच, ग्रेव्हीत पडलेली. आणि शेजवान? चीनच्या सिचुआन प्रांतातल्या स्वयंपाकात जिभेला मुंग्या आणणारं एक फळ असतं. आपल्याकडच्या लाल शेजवान चटणीत सुक्या मिरच्या आणि लसूण रग्गड, पण ते फळ सहसा औषधालाही नसतं.

तेव्हा ज्या अस्सलपणाच्या ऱ्हासावर आपण रडायला बसलोय, तो मुळात आपल्या जिभेच्या मापानं शिवलेला होता. शिंपी कोण, हे आपण कधी विचारलं नाही. १९६२ च्या युद्धाच्या वेळी चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना, मुख्यतः आसाम-बंगालमधून उचलून, राजस्थानात देवलीच्या छावणीत ठेवलं होतं. त्यात इथंच जन्मलेलेही होते. पुढे अनेक कुटुंबं कॅनडाकडे वळली. अंकल यावर कधी बोलले नाहीत आणि आम्हीही काउंटरवर बडीशेप चघळत ‘राइस जरा तिखट करा’ एवढंच बोलत राहिलो.

पायरी ७ : साडेतीनला जाऊ नका

दुपारी साडेतीनला हॉटेल रिकामं असतं. एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, विसरलेली छत्री घ्यायला मी त्या वेळी गेलो होतो. कोपऱ्यातल्या टेबलावर अंकलचं कुटुंब जेवत होतं. पांढरा भात, वर आल्याच्या काड्या पसरलेला वाफवलेला मासा, परतलेली हिरवी भाजी. कुठंही लाल रंग नाही. मी म्हटलं, ‘अंकल, ये मेनू में क्यों नहीं है?’ ते हसले. ‘ये तुम लोग खाएगा?’ मी छत्री उचलली आणि निघालो.

परवा पुन्हा साडेतीनला गेलो, या वेळी मुद्दाम, पुरावा गोळा करायला. दारातच वास आला आणि मी मनात नोंद केली : ‘चायनीज हॉटेलात मालवणी वास. संपलं सगळं.’ कोपऱ्यातलं टेबल तेच. नवे मालक आणि त्यांची बायको घरचा डबा उघडून बसले होते. भात आणि बांगड्याचं तिखलं. रश्श्यात तिरफळं तरंगत होती.

तिरफळ हे सिचुआनच्या त्या फळाचं सख्खं भावंड आहे, एकाच कुळातलं, जिभेला तशाच मुंग्या आणणारं. म्हणजे पंचवीस वर्षांत या हॉटेलात सिचुआनच्या सर्वांत जवळ पोचलेला पदार्थ मालकांच्या डब्यात होता आणि तोही मेनूकार्डावर नव्हता.

‘येवा, जेवूक बसा,’ मालक म्हणाले आणि खुर्ची ओढली.

शिस्तीचा शिष्य इथं ‘नको, जेवून आलोय’ म्हणून बाहेर पडतो आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला सांगतो, पूर्वीची चव राहिली नाही. मी हात धुवायला गेलो. पडद्यामागून टण-टण-टण ऐकू आलं. परत येऊन बसलो, तेव्हा माझ्या ताटलीत बांगड्याची मधली तुकडी वाढलेली होती.

गल्लीत मत विचारतात, तेव्हा मी अजूनही ग्रेव्ही पातळ झाल्याचं सांगतो. साडेतीनचं मात्र कुणाला सांगत नाही. कळलं तर गर्दी होईल आणि मग तीही चव राहणार नाही.