ऐनवेळी येणारे विषय

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं आमच्या किनाऱ्यावरच्या माडपोफळींचं काय केलं, ते रायगडात कुणाला सांगायला नको. वादळातून जी आगरं वाचली, ती बिल्डरांपासून वाचली नाहीत. आता ‘सी व्ह्यू’च्या गॅलरीतून समोरच्या ‘सी ब्रीझ’चं न्हाणीघर दिसतं. तेव्हा आळीतल्या सुजाण नागरिकांनी उद्यान समिती काढली.

जागा आहे. विकास आराखड्यात ती उद्यानासाठी आरक्षित म्हणून हिरवीगार रंगवलीय. प्रत्यक्षात तिथे जाळी सुकतात, दोन मोडक्या रिक्षा गंजतात आणि एक म्हैस बसते. उद्यानाची नियमित लाभार्थी सध्या तीच.

पहिली सभा नाव ठरवण्यात गेली, ठरलं नाही. दुसरी कोनशिलेवर कुणाचं नाव किती इंचांत, यावर गेली. मग अभ्यासदौरा निघाला. अभ्यासाविना रोप लावणं बेजबाबदारपणाचं. शिष्टमंडळ खारघरचं सिडकोचं भलंमोठं सेंट्रल पार्क पाहून, वडखळला जेवून परतलं आणि आमच्या साडेचार गुंठ्यांत जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, रंगीत कारंजं नि सेल्फी पॉइंट एकमतानं मंजूर झाले. ट्रॅकवर धावणाऱ्यानं वेग घेण्याआधीच वळायचं आहे.

झाडं? ती ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात होती. एक आजी म्हणाल्या, “उंडी लावा, सुरंगी लावा. उंडी तर खारा वारा सोसते. बिया मी देते.” पण पाचोळा पेव्हर ब्लॉकवर पडतो, म्हणून कृत्रिम हिरवळीचा ठराव झाला. शिवाय फुकटच्या बियांना तीन कोटेशनं आणायची कुठून?

निवृत्त मास्तरांनी मुंबईच्या ओव्हल मैदानाचा दाखला दिला. नव्वदच्या दशकात रहिवाशांनी संघटना करून ते सावरलं होतं. उत्तर मिळालं, “मास्तर, ते मैदान. आपलं उद्यान. हेड वेगळं.”

जागामालक सभेला येत नाही. तो कायदा वाचतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966, कलम 127: अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत. साध्या मराठीत, गेलं.

नोटीस येऊन दीड वर्ष झालं. समितीची पुढची सभा रविवारी आहे. विषय: नावाचा पुनर्विचार.