पावणेदोन इंच

आमच्या पिकअपच्या आरसीवर नाव माझं आहे, हप्ते पुतण्या भरतो आणि पावसाळ्यात तिला चिखलातून बाहेर काढतो तो शेजाऱ्याचा ट्रॅक्टर. मालकी अशी तिघांत वाटली गेल्यामुळे गाडीत काय बदल करायचे हे कुणी कुणाला विचारत नाही. पुतण्यानंही विचारलं नाही. मृग तोंडावर आला असताना एका संध्याकाळी तो गाडी घेऊन दारात उभा राहिला आणि ओसरीवर बसलेल्या आईनं मान वर करून गाडीकडं पाहिलं. आजवर ती समोर पाहायची.

"हिला काय झालं रे?" आईनं विचारलं. आजारी जनावराची चौकशी ती याच सुरात करते.

"लिफ्ट केली, आजी."

बोरी जिंतूर तालुक्यात, परभणी-जिंतूर रस्त्यावर आहे. डांबरावर असतो तोवर आम्ही उरलेल्या महाराष्ट्रासारखेच असतो. डांबर सोडून शेताकडं वळलं की आमचा खरा मुलूख सुरू होतो. काळी, भारी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर सगळं तिच्याच जिवावर. पण तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशी भेगाळते की खिशातला मोबाईल पडला तर तो पुढच्या पेरणीलाच सापडावा. जाणकार या मातीतल्या खनिजांना स्मेक्टाईट म्हणतात. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथली मंडळी हे शास्त्र तुम्हाला नीट समजावतील. आमच्याकडं या मातीसाठी वेगळे शब्द आहेत, पण ते छापता येत नाहीत.

या मातीतून आमच्या शेताकडं जाते ती पांदण. २०२१ साली सरकारनं शेतरस्त्यांसाठी 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना' आणली. आमची पांदण या नावापेक्षा फार लांब नाही. पण ती दोन भाऊबंदांच्या बांधांमधून जाते, आणि दर नांगरटीला दोन्ही बांध एकमेकांकडं थोडेथोडे सरकतात. त्यामुळं योजना कागदावर रुंद होत गेली आणि पांदण जागेवर अरुंद. मोजणी आणा म्हटलं की दोघंही भाऊबंद एका सुरात विरोध करतात. त्यांचं एकमत होतं असा तेवढा एकच विषय.

पुतण्याचं म्हणणं साधं होतं. "काका, रस्ता आपल्या हातात नाही. गाडी आहे."

या वाक्यावर मी अजून उत्तर शोधतोय. आमच्याकडं विहिरीचं पाणी आटलं की जो तो आपापला बोअर खोल करतो, वीज गेली की आपापला इन्व्हर्टर आणतो. मग चिखल झाला म्हणून आपापली गाडी उंच केली, तर पोरगं घराण्याच्या रीतीतच वागलं म्हणायचं.

त्याला ही बुद्धी मोबाईलमधून आली. अमेरिकेत मिसूरी राज्यात बॉब चॅन्डलर नावाचा एक माणूस होता. १९७४ सालची फोर्डची पिकअप त्यानं उंच करत नेली, मोठी टायरं चढवत नेली आणि तिला 'बिगफूट' असं नाव पडलं. १९८१ मध्ये त्यानं ती एका शेतात नेऊन दोन भंगार मोटारींवरून चालवली. पुढं तर तिला थेट ६६ इंची टायरं लागली. गंमत अशी की ती टायरं मुळात शेतात खत पसरायच्या यंत्राची. म्हणजे तिकडच्या माणसानं शेतातलं टायर उचलून तमाशाला लावलं, लोकांनी तिकिटं काढून ते पाहिलं, आणि तो तमाशा फुकटात पाहून आमच्या पोरानं ते टायर परत शेतात आणलं. दुसरं उदाहरण आइसलँडचं. तिथले लोक भल्या रुंद टायरच्या गाड्या घेऊन बर्फावरून जातात आणि चाकं रुतत नाहीत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुतण्यानं त्यात मिसूरी आणि आइसलँडची भर घातली.

मग त्यानं कुठून तरी ३१ इंची, जाड नक्षीची चार टायरं मिळवली. ती बसली, पण वळवताना मडगार्डला घासायला लागली. गॅरेजवर मिस्त्री म्हणाला, "टायर तर बदलायचं नाही म्हणतो. मंग बॉडीच उचलावी लागंल." त्यानं चेसी आणि बॉडी यांच्या मधले बोल्ट सोडले, मध्ये दोन दोन इंचांचे ठोकळे घातले आणि लांब बोल्टांनी सगळं पुन्हा आवळलं. बॉडी लिफ्ट, बॉडी लिफ्ट म्हणतात ते एवढंच.

मी गणिताचा मास्तर. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. आमच्या गाडीच्या जुन्या टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं. याचा अर्थ टायर २१५ मिलिमीटर रुंद, त्याच्या ७५ टक्के भिंतीची उंची आणि आत १५ इंची डिस्क. भिंत वर एक, खाली एक, मध्ये डिस्क, अशी बेरीज केली की टायरची उंची होते ७०३ मिलिमीटर. नव्या ३१ इंची टायरची ७८७. फरक ८४ चा. पण टायर वाढतं ते मधल्या धुऱ्याच्या वर अर्धं आणि खाली अर्धं. म्हणजे गाडीचा धुरा जमिनीपासून उचलला गेला ४२ मिलिमीटर. पावणेदोन इंचालाही कमी.

"अन् ठोकळ्याचे दोन इंच?" पुतण्यानं विचारलं.

ठोकळ्यांनी धुरा उचलला जात नाही, चेसीही नाही. उचलली जाते ती फक्त वरची बॉडी. चिखलात घासतं ते खालचं, आणि लोकांना दिसतं ते वरचं. पावणेदोन इंच शेतीसाठी आणि दोन इंच पाहुण्यांसाठी, असा मी हिशेब मांडून दाखवला. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "गणितात बसत नाही काका, पण रुबाब हाय."

रुबाबाचा पहिला फटका आईला बसला. लुगडं नेसणाऱ्या बाईला चाळीस वर्षांच्या सवयीनं जिथं पायरी असते तिथं आता हवा होती. म्हणून दुधाचा क्रेट आला. क्रेटवर पाय देऊन आई केबिनमध्ये चढते. पण क्रेट वर घ्यायला कुणीतरी खाली थांबावं लागतं, आणि खाली थांबलेल्याला वर चढायला क्रेट लागतो. यावर घरात बराच खल झाला. शेवटी क्रेटला सुतळी बांधली. आता सगळे चढले की सुतळी ओढतात आणि क्रेट खणखणत वर येतो. वस्तीवरच्या पोरांना तो आवाज ऐकला की आम्ही निघालो हे कळतं.

मग सोयाबीनचे कट्टे भरायला आलेले गडी. जमिनीपासून हौदा वर गेला होता साडेतीन इंचांहून जास्त. साडेतीन इंच म्हणजे किती, असं ज्याला वाटत असेल त्यानं साठ किलोचा कट्टा डोक्याच्या वर नेऊन बघावा. गड्यांनी नुसता फाळक्याला हात लावून पाहिला आणि खाली बसून तंबाखू मळायला घेतली. मुकादम माझ्याकडं आला. "मास्तर, ह्यो माल भरायचाय का वर ठिवायचाय? वर ठिवायचा आसल तर मजुरी येगळी." मजुरी वेगळीच द्यावी लागली. बोरीच्या मोंढ्यात उतरवताना मात्र कुणी हरकत घेतली नाही, कारण उंचावरून कट्टा खांद्यावर घ्यायला सोपा जातो. म्हणजे आमच्या खर्चानं फायदा मोंढ्यातल्या हमालांचा झाला. त्याबद्दल तक्रार नाही, आयुष्यभर त्यांच्या पाठीवर बरंच काही लादलं गेलंय.

केबिनमधली गोष्ट आणखी वेगळी. गिअरचा दांडा खालच्या चेसीकडचा आणि बसायची जागा वर गेलेली. त्यामुळं पूर्वी हाताशी येणारा दांडा आता वाकून शोधावा लागतो, आणि पहिल्या गिअरला तो भोकाच्या कडेला अडतो. मिस्त्रीनं भोक मोठं करून दिलं. त्यातून पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात इंजिनाची धग वर येते, त्यामुळं कोणता ऋतू चालू आहे हे बाहेर न बघता समजतं. हेडलाईटही वर गेले. आता रात्री समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला आमच्या सात पिढ्यांची आठवण काढून जातो.

पण खरी मौज मीटरची. चाक एकदा फिरलं की किती अंतर गेलं हे मीटरनं जुन्या टायरवर पाठ केलेलं. नवं टायर एका फेऱ्यात जवळजवळ १२ टक्के जास्त जातं, आणि मीटरला ते कुणी सांगितलेलं नाही. काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ६७ नं पळते. मीटरवर १०० किलोमीटर पडले तर गाडी चाललेली असते ११२. पुतण्या पिकअप भाड्यानं देतो, आणि भाडं लावतो किलोमीटरवर. म्हणजे शंभरामागं बारा किलोमीटर तो गिऱ्हाइकाला फुकट फिरवत होता. बोरीपासून जिंतूरपर्यंत लोक म्हणायला लागले, पोरगं लई सरळ आहे, ह्याच्या गाडीला भाडं कमी पडतं. मी कागदावर हिशेब करून दाखवला तेव्हा तो गप्प झाला. भाव वाढवायचा विचार त्यानं केला, पण तोवर त्याचं नाव झालं होतं, आणि नाव झाल्यावर भाव वाढवणं आमच्या भागात अवघड असतं.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर जे तपशील असतात ते कंपनीनं ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंड ठरला: मालकाला प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही. हे वाचल्यावर माझ्या मनात शिक्षकी शंका आली. चार टायरं म्हणजे एक बदल की चार? आणि ठोकळे सुटे मोजायचे की एकत्र? पुतण्यानं यात फार रस दाखवला नाही. आरसीवर त्याचं नाव नाही. "डबा मी आणून देईन," एवढंच तो म्हणाला.

आणि एवढं सगळं करून गाडी फसली का? फसली. पहिल्या मोठ्या पावसानंतर, कट्ट्यांसकट, पांदणीच्या बरोबर मध्यावर.

कारणं मी नंतर त्याला सांगितली, तोही नंतर ऐकायला तयार झाला. टायरची जाड नक्षी काळ्या मातीनं भरली की उरतं ते पुरणानं भरलेल्या कणकेसारखं गुळगुळीत काहीतरी, पकडच राहत नाही. आमच्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या दोनच चाकांना जाते, पुढची दोन मोठी टायरं नुसती सोबतीला. टायर मोठं झालं की ओढायची ताकदही त्या मानानं घटते. आणि आइसलँडवाले बर्फात रुतत नाहीत ते टायरच्या उंचीमुळं नव्हे. ते हवा तीन-चार पौंडांवर आणतात, टायर खाली पसरतं आणि वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं. आमच्या हौद्यात दीड टन सोयाबीन. एवढ्या वजनाखाली हवा काढली तर टायर डिस्कवरून निसटेल, आणि हवा राहू दिली तर गाडी रुतेल.

ट्रॅक्टरवाला नेहमीप्रमाणं आला. पण या वेळी तो काठाशीच थांबला आणि लांबवर बघत राहिला. "पयले तुमची गाडी हितं, बाभळीजवळ फसायची," तो म्हणाला. "मला बरं पडायचं. आता ती पार आत जाऊन फसली." मोठ्या टायरचा एवढा फायदा मात्र मान्य करायलाच हवा. गाडी फसायची ती फसतेच, पण मदतीपासून आणखी दूर जाऊन फसते. त्यानं साखळीला दुसरी साखळी जोडली आणि पैसेही त्या हिशेबानं जोडून घेतले.

सगळ्यात कमी हळहळ घरातल्या वडीलधाऱ्या आबांना वाटली. त्यांच्या काळच्या बैलगाडीची चाकं छातीला लागायची. वर लोखंडी धाव अरुंद, ती चिखल कापत खालच्या टणक थराला जाऊन टेकायची. पुढं टायरच्या गाड्या आल्या, बैलांना डांबरावर सोपं झालं. तेव्हा आबा म्हणाले होते, चिखलात हिचं काही खरं नाही. आताही ते खाटेवरून म्हणाले, "आमी बी फसायचो. फसली की बैल सोडायचे अन् घरी यायचं. गाडी तिथंच. काहून भ्यावं? ज्याला काढता येती त्यानंच चोरावी ना."

आता गाडीचं पासिंग जवळ आलंय. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. मिस्त्रीनं ठोकळे काढायचं कबूल केलंय, मजुरी मात्र काढायची आणि बसवायची सारखीच सांगितली. जुनी टायरं माळ्यावर होती. एकात मांजर व्याली होती, पिल्लं मोठी झाली, त्यामुळं तेही मोकळं झालं. आई खूश आहे. क्रेट दूधवाल्याला परत जाणार आहे, सुतळीसकट. भाऊबंदांपैकी एकानं परवा आपणहून विचारलं की पांदणीच्या मोजणीला किती पैसे लागतात. त्याचीही नवी गाडी मागच्या आठवड्यात बाभळीपाशी रुतली होती.

तर ३१ इंची चार टायरं विकणे आहेत. नक्षी शाबूत, चाललेले किलोमीटर मीटरवर दिसतात त्याहून थोडे जास्त. भाव समक्ष बोलू. मात्र बघायला दिवाळीनंतर या. त्याआधी यायचंच असेल तर तुमची गाडी, कितीही उंच असली तरी, डांबरावर उभी करा आणि पांदणीनं चालत या.